पंडितवाद आणि राजवाद : महाविद्यालयीन अध्यापनातील चारित्र्यघडणीचा प्रश्न (१८८२–१९६६)

१

विद्यार्थ्याचे चारित्र्य घडवणे हे महाविद्यालयाचे काम आहे काय, आणि असल्यास ते अध्यापकाने आपल्या विषयाच्या तासाला करावे की त्यासाठी वेगळा तास, वेगळे पुस्तक आणि वेगळा अध्यापक असावा, हा प्रश्न भारतीय उच्चशिक्षणाच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘मूल्य प्रवाह’ या नावाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अनेक विद्यापीठांत मूल्यवर्धित अभ्यासक्रम आले. दिल्ली विद्यापीठात ते २०२२ पासून पदवी स्तरावर श्रेयांकासह शिकवले जाऊ लागले. यामुळे साहित्याच्या अध्यापकापुढे जुनाच पेच नव्या रूपात उभा राहिला आहे. मूल्यांसाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिका असेल, तर साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत काय उरते?

या पेचाचा एक महत्त्वाचा टप्पा एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात घडला. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की धार्मिक तटस्थतेच्या धोरणामुळे ज्या नैतिक शिकवणुकीचा उघड मार्ग बंद होता, ती शिकवणूक इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातून साधण्याचा प्रयत्न झाला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना हे विवेचन परिचित आहे. मात्र त्यांचा रोख राज्यकर्त्यांच्या हेतूंवर आहे. वर्गात बसलेल्यांनी आणि पुढे स्वतः वर्ग घेणाऱ्यांनी त्या अभ्यासक्रमाचे काय केले, हा भाग त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला आहे. प्रस्तुत निबंधात त्या भागाचा विचार करावयाचा आहे. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या १८८३ मधील भिन्नमतापासून कोठारी आयोगाच्या १९६६ मधील अहवालापर्यंतचा प्रवास पाहिला, तर असे दिसते की चारित्र्यघडण विषयाबाहेर काढून तिचे पाठ करण्याचे प्रयत्न मुळातच अडखळत राहिले, आणि ज्ञानविषयाच्या अंगभूत शिस्तीतून होणारी घडण तुलनेने टिकाऊ ठरली. तथापि या दुसऱ्या मार्गालाही एक मोठी मर्यादा होती. ती मर्यादा जोतीराव फुले यांनी त्याच वेळी दाखवून दिली होती.

२

आरंभी एका प्रसिद्ध प्रसंगाचा निर्देश करणे आवश्यक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक व भाष्यकार म्हणून इंग्लंडात नावाजलेले विद्वान होते. महादेव गोविंद रानडे हे त्यांचे विद्यार्थी. रानड्यांच्या चरित्रग्रंथांतून अशी हकीकत सांगितली जाते, की एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची ब्रिटिश राज्याशी तुलना करून पहिल्याला झुकते माप दिले. ग्रँट यांना ते रुचले नाही. जे सरकार आपल्याला शिक्षण देते त्याची निंदा करू नये, असे त्यांनी सुनावले आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली.

या प्रसंगाकडे केवळ वसाहतवादी असहिष्णुतेचा नमुना म्हणून पाहणे अपुरे आहे. त्यात अध्यापकाच्या दोन भूमिका एकमेकींवर आदळल्या आहेत. पुरावा पाहा, तुलना करा, निष्कर्ष काढा, असे वर्गात सांगणारा ग्रँट हा एक अध्यापक. निष्कर्ष गैरसोयीचा निघताच शिक्षा करणारा ग्रँट हा दुसरा. रानड्यांनी पहिल्याचे शिक्षण आत्मसात केले आणि दुसऱ्याचे मानले नाही, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणता येते. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ हा एका अर्थी त्याच निबंधाचा प्रौढ विस्तार होय. त्यात चीड नाही, सूडही नाही. साधनांचा संयत उपयोग आहे. चारित्र्य हा शब्द वापरायचाच, तर तो या संयमाला वापरावा लागेल, आणि हा संयम इतिहासलेखनाच्या शिस्तीतूनच आलेला आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात या दोन भूमिकांना नेमकी नावे मिळाली आहेत. राजा मिलिंद संवादाची इच्छा प्रकट करतो, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला अट घालतो : पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात उलगडा होतो, खंडन होते, चूक दाखवली जाते, आणि तरीही कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो ते अमान्य करील त्याला दंड करतात. पाली भाषेतील ‘पण्डितवाद’ व ‘राजवाद’ हे शब्द या निबंधात पुढे याच अर्थाने योजले आहेत.

३

३ फेब्रुवारी १८८२ रोजी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. १८८३ च्या त्याच्या अहवालात महाविद्यालयांसंबंधी दोन शिफारशी होत्या. पहिली अशी, की निसर्गसिद्ध धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिपुस्तक तयार करण्याचा प्रयत्न व्हावा आणि ते सरकारी व खाजगी अशा सर्व महाविद्यालयांत शिकवता यावे. दुसरी अशी, की प्राचार्याने किंवा एखाद्या प्राध्यापकाने प्रत्येक सत्रात मनुष्याची व नागरिकाची कर्तव्ये या विषयावर व्याख्यानमाला द्यावी. आयोगाचे सदस्य असलेल्या तेलंगांनी या दोन्ही शिफारशींविरुद्ध आपले मत नोंदवले. महाविद्यालयीन वयाच्या विद्यार्थ्याला नीतीचे सुटे धडे देऊन विशेष काही साधत नाही. संस्कार घडतो तो एकंदर विद्याभ्यासातून आणि महाविद्यालयीन जीवनातून, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

हे मत मांडणारी व्यक्ती कोण होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तेलंग हे नीतिवाङ्मयाविषयी उदासीन नव्हते. भर्तृहरीच्या नीतिशतक व वैराग्यशतक यांची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८७४ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली होती. मॅक्स म्यूलर यांच्या प्राच्य धर्मग्रंथमालेतील त्यांचा भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद आयोग नेमला गेला त्याच वर्षी, १८८२ मध्ये, प्रसिद्ध झाला. नीतिशतकाचा संपादक नीतिपुस्तकाला विरोध करतो, यात वरवर विसंगती वाटते. परंतु संपादकाच्या कामाचे स्वरूप पाहिले की ती दूर होते. पाठभेद नोंदवणे, संशयास्पद श्लोकाला संशयास्पद म्हणणे, टीकाकाराचा अर्थ आपल्याला पटला नाही तरी तो प्रामाणिकपणे देणे, या गोष्टी विद्यार्थ्याने पाहिल्या तर श्लोकातील उपदेशापेक्षा वेगळी, पण कमी महत्त्वाची नसलेली अशी एक नीती त्याच्या अंगवळणी पडते. सरकारी नीतिपुस्तकात ही प्रक्रियाच असणार नव्हती. सर्वांना मान्य होईल असे पुस्तक करायचे म्हणजे मतभेदाची प्रत्येक जागा गाळायची, आणि नैतिक विचार तर मतभेदाच्या जागीच सुरू होतो.

हिंदुस्थान सरकारलाही १८८४ मध्ये हीच अडचण जाणवली. ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू अशा सर्वांना चालेल इतके मोघम आणि रंगहीन पुस्तक महाविद्यालयीन शिक्षणातील उणीव कितपत भरून काढील, याविषयी शंका व्यक्त झाली आणि प्रस्ताव मागे पडला. कल्पना मात्र नाहीशी झाली नाही. १८८७ च्या अखेरीस सरकारने विद्यार्थ्यांची शिस्त व नैतिक शिक्षण यांचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. आयोगातील मुंबई इलाख्याचे दुसरे सदस्य विल्यम ली-वॉर्नर यांनी १८९७ मध्ये हिंदी नागरिकावरील आपले इंग्रजी क्रमिक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि कर्तव्याची शिकवण राज्यव्यवस्थेच्या समर्थनाशी कशी जोडली जाते याचा तो वस्तुपाठ ठरला. तेलंगांनी या काळात मराठीत आणले ते लेसिंगचे ‘नाथान’ हे नाटक. ‘शहाणा नेथन’ या त्यांच्या भाषांतरात यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान ही तिन्ही माणसे आपापल्या श्रद्धेसह रंगभूमीवर उभी आहेत. कोणाचाही रंग पुसलेला नाही. आयोगाला जे नीतिपुस्तकाकडून हवे होते, ते तेलंगांनी एका नाट्यकृतीकडून अपेक्षिले, असे या दोन गोष्टी शेजारी ठेवून म्हणता येईल.

४

ज्या वर्षी आयोग कर्तव्यांच्या व्याख्यानमालेचा विचार करीत होता, त्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे दोन अध्यापक, गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक, कोल्हापूर प्रकरणातील मजकुराबद्दल मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. १०१ दिवसांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, ते सुटले. पुढच्या वर्षी आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले.

शीर्षकापासूनच हे भाषांतर आपल्या विषयाशी संबंधित आहे. मूळ नाटकाचे नाव एका व्यक्तीचे आहे. आगरकरांनी ते मनोविकारांच्या खेळाला दिले. नाटक शिकवायचे म्हणजे त्यातील सज्जन-दुर्जनांची यादी करायची आणि तात्पर्य सांगायचे, ही तत्कालीन सवय होती. ‘विकारविलसित’ हे नाव वाचकाला तात्पर्याकडून कारणमीमांसेकडे वळवते : माणूस असा का वागतो? मराठी समीक्षेच्या इतिहासात महत्त्वाची मानली गेलेली त्या ग्रंथाची प्रस्तावनाही वाचकाला विचारात सहभागी करून घेणारी आहे. हे भाषांतर ग्रंथापुरते राहिले नाही. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या प्रयोगांतून गणपतराव जोशी यांनी ते रंगभूमीवर गाजवले. धर्माच्या आधाराशिवाय नीती उभी राहू शकते, ही भूमिका आगरकरांनी पुढे ‘सुधारका’तून सातत्याने मांडली. परंतु अध्यापक म्हणून त्यांचे वैशिष्ट्य असे, की विवेकाचे शिक्षण त्यांनी तर्कशास्त्र, व्याकरण व नाटक या विषयांपासून तोडले नाही. १८८८ चे ‘वाक्यमीमांसा’ हे त्यांचे पुस्तक व्याकरणाचे आहे. वाक्याचे पृथक्करण शिकवणे हे त्यांना विचाराच्या स्वच्छतेचेच शिक्षण वाटत असावे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या इतिहासात अध्यापकाचे स्वतःचे आचरणही वादाचा विषय झाले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर काम करावे, हा तिचा पाया होता. संस्थेबाहेरील कामे व मिळकत यांविषयीचे मतभेद विकोपाला जाऊन १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. जेझुइट संघाच्या धर्तीचा निःशेष त्याग हे तत्त्व सोडल्याचा त्यांचा आक्षेप होता. आगरकर व गोखले यांनी त्यागाची मर्यादा वेगळी मानली. दोन्ही बाजूंची माणसे निःस्वार्थ होती, आणि तरीही निःस्वार्थतेचा अर्थ काय यावर त्यांचे एकमत होऊ शकले नाही. कर्तव्यांवरील कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा हा वाद त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अधिक काही शिकवून गेला असेल.

५

येथवरच्या विवेचनावरून तेलंगांचा पक्ष सर्वस्वी योग्य ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी याच हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. रयतेच्या श्रमातून येणारा महसूल उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर खर्च होतो. त्या शिक्षणाचा लाभ झालेल्यांनी आपले ज्ञान खालच्या वर्गांपर्यंत पोचवले नाही. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून, नांगर धरू शकणाऱ्यांतून, तयार केले पाहिजेत, ही त्यातील प्रमुख सूत्रे होत. फुल्यांचा मुख्य विषय प्राथमिक शिक्षण हा होता. तरीही महाविद्यालयीन चारित्र्यघडणीच्या वादाला त्यांचे निवेदन मुळापासून हात घालते. विद्याभ्यासाच्या वातावरणातून संस्कार होतो असे म्हणणाऱ्याला ते विचारते : ते वातावरण कोणाचे? वर्गात कोण बसले आहे, आणि कोण बसू शकत नाही? ज्या वर्गात एकाच सामाजिक स्तरातील अध्यापक व विद्यार्थी आहेत, तेथे त्या स्तराचे पूर्वग्रहही ‘वातावरण’ म्हणूनच संक्रमित होतात, आणि ते कोणी लिहून ठेवलेले नसल्यामुळे त्यांना आव्हान देणेही कठीण असते. लिखित नीतिपुस्तकावर निदान टीका करता येते.

निसर्गसिद्ध तत्त्वांवर उभे असलेले, सर्व मानवांसाठी लिहिलेले नीतिपुस्तक मराठीत पुढे झाले, ही इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय. ते सरकारने केले नाही. फुल्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची रचना प्रश्नोत्तरांची आहे, आणि त्यातील प्रश्न मोघम नाहीत. रंगहीन नसलेले सार्वत्रिक नीतिपुस्तक लिहिता येते, एवढे त्याने सिद्ध केले. परंतु तसे पुस्तक प्रस्थापित व्यवस्थेला मानवत नाही, हेही त्याच्या उपेक्षेवरून सिद्ध झाले.

तेलंगांचा विषयनिष्ठ मार्ग आणि फुल्यांचा आक्षेप या दोहोंना एकत्र आणणारा प्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यास झालेला दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. हे दुसरे महाविद्यालय ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ झाला. विद्येला शीलाची जोड नसेल तर विद्या घातक ठरू शकते, हा विचार आंबेडकरांनी अनेकदा मांडला होता. तरीही संस्थेला त्यांनी नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे. पंडितवादाची अट जणू प्रवेशद्वारावरच नोंदली गेली. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरओळखही नाकारली गेली होती, असे विद्यार्थी या वर्गांत आले, आणि १९६० च्या दशकात दलित साहित्याच्या जडणघडणीत या परिसरातील अध्यापक-विद्यार्थ्यांचा वाटा मोठा राहिला. ज्या वाचकाला अभ्यासक्रमाने गृहीतच धरले नव्हते तो वाचक वर्गात आला की जुन्या संहितेचे वाचन बदलते, आणि शेजारी बसलेल्या इतरांच्या नैतिक जाणिवेवरही त्याचा परिणाम होतो.

६

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न पुन्हा आयोगांकडे आला. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मधील अहवालात आरंभी काही मिनिटांचे मौनचिंतन, पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस, येशू, कबीर, नानक, गांधी आदींची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्मतत्त्वज्ञानातील प्रमुख प्रश्न, अशी चढती योजना सुचवली. हंटर आयोगाच्या पुस्तकापेक्षा ती कितीतरी उदार होती. तिची प्रवृत्तीही तौलनिक होती. तरीसुद्धा ती विषयांच्या शेजारी ठेवलेली योजना होती. १९५९ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली धार्मिक व नैतिक शिक्षणासाठी समिती नेमली गेली, तिनेही बव्हंशी हीच दिशा धरली.

१९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने प्रत्यक्ष शिक्षणाचा मार्ग सोडला नाही. शालेय वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचे तास असावेत असे त्यानेही म्हटले. परंतु त्याबरोबर त्याने एक वेगळा विचार ठळकपणे नोंदवला. चारित्र्यघडणीची जबाबदारी कोणत्याही विषयाच्या अध्यापकाला टाळता येणार नाही. मात्र त्याने सतत तात्पर्य काढत बसू नये. आपल्या विषयात कोणती मूल्ये अंतर्भूत आहेत याचा त्याने विचार केलेला असेल, तर ती त्याच्या अध्यापनात नकळत उतरतील. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी झालेले शिक्षणतज्ज्ञ होते. तेलंगांच्या भिन्नमताला ८३ वर्षांनी अधिकृत अहवालात स्थान मिळाले, असे येथे म्हणण्यास हरकत नाही.

७

या इतिहासातून आजच्या अध्यापकाला काय घेता येईल? पहिली गोष्ट अशी, की मूल्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम असो वा नसो, साहित्याच्या अभ्यासक्रमातील चारित्र्यघडण तिच्या कामाच्या रीतीत असते. नीतिशतक शिकवताना पाठभेद दाखवणे, ‘हॅम्लेट’च्या शेजारी ‘विकारविलसित’ ठेवून भाषांतरकाराने काय गमावले व काय मिळवले हे विद्यार्थ्याला शोधावयास लावणे, दुसऱ्याचे मत उद्धृत करताना ते त्यालाही ओळखता येईल अशा रीतीने मांडण्याचा आग्रह धरणे, या गोष्टी तास, गृहपाठ आणि परीक्षा यांतूनच होतात.

दुसरी गोष्ट अध्यापकाच्या अधिकाराची. रानड्यांच्या निबंधासारखा निबंध आजही आपल्या हाती येतो. निष्कर्ष आपल्याला पूर्णपणे अमान्य असतो, पण पुरावा आणि मांडणी प्रामाणिक असते. त्या उत्तरपत्रिकेवर आपण कोणता गुण लिहितो, त्या क्षणी आपण पंडितवादाने वागतो की राजवादाने, हे ठरते. मूल्यशिक्षणाच्या श्रेयांकांचा धोकाही येथेच आहे. सद्गुणांना गुण द्यायचे ठरवले की विद्यार्थी परीक्षकाला हवे असलेले मत लिहू लागतो, आणि जो दांभिकपणा दूर करायचा त्याचाच सराव होतो.

तिसरी गोष्ट फुल्यांनी शिकवलेली. वर्गात कोण आहे, आणि पाठ्यसूचीत कोणाचा आवाज आहे, हे तपासल्याखेरीज ‘आमच्या विषयातूनच संस्कार होतात’ हे विधान करण्याचा अधिकार अध्यापकाला नाही. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठी संहिता अनुवादातून शिकवताना ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते, कारण तेथील विद्यार्थ्याला मराठी समाजाचा परिचय बहुधा त्या दहा-बारा संहितांपुरताच होतो. त्या यादीत तेलंग व आगरकर असतील आणि फुले नसतील, तर १८८२ सालातील वाद त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. आणि ज्याला वाद पोचला नाही, त्याला त्यातील कोणतीही बाजू स्वतः निवडण्याची संधी आपण दिली, असे म्हणता येणार नाही.